ईईजी झाल्यावर एमईजी कशाला?

प्रश्न असा की अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद) झालेला असताना एमईजी (त्याच प्रवाहांच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद) कशाला. कवटी विद्युतप्रवाह अडवते आणि पसरवते, चुंबकीय क्षेत्र मात्र तिच्यातून जवळपास न बिघडता बाहेर येतं. त्यामुळे झटका मेंदूत कुठून सुरू होतो ती जागा ठरवायला एमईजी उपयोगी. पण त्याला मुख्यतः मेंदूच्या खाचांच्या भिंतींमधले, कवटीला समांतर प्रवाह दिसतात. कवटीशी काटकोनातले निसटतात, ते ईईजीत सापडतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी नोंदवावेत.

खरी कटकट नोंदीचीच. नेहमीच्या यंत्रात सेन्सर द्रव हीलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसवर असतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण संकेत टिपतात. दातातली तार, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर (झटके कमी करायला शरीरात बसवलेलं यंत्र), ब्रेसियरचा हुक, काहीही नोंद खराब करतं. टीएसएसएस या संगणकी गाळणीने बरंच सावरतं, सगळं नाही. डोकं कुठे आहे ते कळावं म्हणून डोक्यावर लावलेल्या कॉइलच्या जागा डिजिटायझरने (जागा मोजणाऱ्या उपकरणाने) नीट घेतल्या नाहीत तर एमआरआयवर स्पाइकच्या उगमाचे ठिपके चुकीच्या जागी बसतात, आणि चित्र दिसतं मात्र झकास! आदल्या रात्री झोप कमी ठेवली की नोंदीत झोप लागते, स्पाइक (अपस्माराच्या टोकदार लहरी) जास्त मिळतात.

डायपोल (स्पाइकच्या उगमाची गणिताने काढलेली जागा आणि दिशा) बसवताना स्पाइकच्या शिखरावर नव्हे, चढत्या बाजूवर बसवा. शिखरापर्यंत लहर शेजारी पसरलेली असू शकते. विखुरलेल्या ठिपक्यांपेक्षा एकाच दिशेचा दाट पुंजका विश्वासाचा. हिप्पोकॅम्पससारख्या मेंदूच्या खोल भागातले स्पाइक अनेकदा दिसतच नाहीत, तेव्हा कोऱ्या अहवालावरून शस्त्रक्रिया नाकारू नये.