जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकलंय का? कोकणातले अनुभव सांगा

दापोलीजवळ एक कौलारू घर बघून आलोय. घ्यायचं, नीट करायचं आणि दोनेक वर्षांत मुंबईकराला विकायचं असा बेत आहे. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, फायदा झाला की अंगाशी आलं.

*

गुहागरला केलं. घर 5 महिन्यांत उभं राहिलं, सह्यांना 14 महिने गेले. सातबाऱ्यावर 11 जण, एक बोरिवलीला, एक दुबईत, एकाचं भावाशी बोलणंच बंद. एजंट म्हणालेला सगळे तयार आहेत, आणि मी मूर्खासारखं खरेदीखताआधीच वासे बदलायला घेतले. फायदा कागदावर होता, तो व्याजात गेला. आणि हो, घराभोवतीची जमीन शेतीची असेल तर तुमच्याकडे शेतकरी दाखला आहे का ते आधी बघा.

*

आमचं दिवेआगर. 2019 ला घेतलं, 2020 च्या मेमध्ये शाकारणी पुरी झाली आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कौलं गेली त्याचं एवढं नाही हो, कौलं परत घालता येतात, पण मागची सुपारीची वाडी आडवी झाली आणि गिऱ्हाईकाला खरं तर वाडीच हवी होती, घर नुसतं निमित्त. शेवटी घातलेले पैसे कसेबसे सुटले.

*

मालवणात तर खारो वारो सगळा खाता रे. ग्रिला, बिजागऱ्यो, नळ, काय्येक रवणा नाय. आदल्या मालकान खाडीच्या वाळूत स्लॅब ओतलेलो, आतली सळी फुगली नि पोपडे खाली. माका तो आख्खो फोडूचो लागलो. स्लॅब बगून भुलू नको, लाकूड टोचून बग, वाळवी असली तर कळता तरी.

*

टॅक्सचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा शॉर्ट टर्म, तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. दुरुस्तीची बिलं ठेवा, आमच्या गवंड्याने सगळं रोखीत घेतलं आणि चिठ्ठीसुद्धा दिली नाही.

*

मला जमलं, वेंगुर्ल्याला. कारण फारसं काही केलंच नाही! जांभ्याच्या भिंतीवर आधीच्याने सिमेंट थापलं होतं, ओल आतच कोंडायची, ते काढून चुना लावला. संडास-बाथरूम आत घेतलं, वायरिंग नवीन. टाइल्स बसवा असं नवरा सारखा म्हणत होता, मी माजघरातली जमीन तशीच ठेवली. पुण्याचं एक जोडपं आलं, ओटीवरच्या झोपाळ्यावर तासभर बसलं आणि हो म्हणालं. खर्च वजा जाऊन 6 लाख सुटले, पण पावणेतीन वर्षं लागली, हेही सांगते.

*

सगळ्यांचे आभार. आज सातबारा काढला, 17 नावं निघाली, त्यातले तिघे वारलेत. वारसनोंद मालक करून देणार की मलाच करावी लागेल?

*

मालकाकडूनच करून घ्या. तोवर टोकनसुद्धा देऊ नका.