वर्षात शंभर पुस्तकं: ग्रंथपालानं आकडा लावून वाचावं का?

तारीखचिठ्ठी
मी ग्रंथपाल आहे. दिवसभर पुस्तकांत असते म्हटल्यावर लोकांना वाटतं, काय मजा, बसून वाचतच असेल. प्रत्यक्षात देवघेव, नव्या पुस्तकांना दाखल क्रमांक घालणं, बिलं तपासणं, कुणीतरी भलत्याच फळीवर खोचलेली पुस्तकं जागेवर लावणं आणि वर्षातून एकदा साठा पडताळणी. पुस्तक हातात असतं, पण बाहेरून.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी दोन कादंबऱ्या घेऊन काउंटरवर आली. म्हणाली, "यातली कुठली नेऊ?" दोन्हींचे वर्गांक, म्हणजे कण्यावरच्या चिठ्ठीवरचे विषयाचे आकडे, मी न बघता सांगितले असते. आत काय आहे ते मात्र एकीचंही माहीत नव्हतं. "दोन्ही चांगल्या आहेत," असं सांगून वेळ मारून नेली आणि दिवसभर ते खात राहिलं. त्याच आठवड्यात एक वही केली. क्रमांक, नाव, पानं, संपल्याची तारीख. ठरवलं, येत्या वर्षात शंभर. ३१ डिसेंबरला १०४ वर थांबले.

फुशारकी इथपर्यंतच. सप्टेंबरअखेर ६३ झाली होती आणि ऑक्टोबरपासून माझा हात आपसूक बारीक कण्याच्या पुस्तकांकडे जायला लागला. नाव वाचायच्या आधी शेवटचं पान उघडून पृष्ठसंख्या बघायची. तीन वर्षं मनात असलेला ५६० पानांचा एक ग्रंथ दोनदा काढला आणि दोनदा परत लावला. परवा वही चाळताना ४३ नंबरवर थबकले. नाव माझ्याच अक्षरात, तारीख आहे, ९२ पानं आहेत. आत काय होतं? काही म्हणजे काही आठवत नाही.

दुसरीकडे, वर्षभरात सतरा वेळा तरी कुणाला पुस्तक सुचवलं ते केवळ मी ते वाचलं होतं म्हणून. सहकारी म्हणतात, हा सगळा दिखावा आहे. या वर्षी पुन्हा आकडा ठरवू की नको?

सावकाश
नको. कारण तुम्हीच लिहिलंय, ५६० पानांचं पुस्तक दोनदा परत लावलंत. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल एक मुद्दा मांडला होता, तो पुढे सगळीकडे लागू पडला: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप बिघडतं. तुमच्या वहीत 'पानं' हा रकाना आहे, 'काय सापडलं' हा नाही.

मी गेल्या वर्षी चार पुस्तकं वाचली. त्यातलं एक अजून चालू आहे.

वाळवी
सावकाश, तुमचं कौतुक आहे, पण मला तुमच्यासारख्या माणसांची भीती वाटते. "मी कमी पण सखोल वाचतो" म्हणणारे माझ्या ओळखीचे निम्मे लोक मुळात वाचतच नाहीत, आणि त्यात मी स्वतः धरून. आकडा ठरवेपर्यंत माझं वाचन म्हणजे उशाशी पडलेली तीन अर्धवट पुस्तकं. वर्षाला ३० ठरवली तेव्हा कुठे रात्री मोबाइल लांब जायला लागला. आकडा ही कुबडी असेलही, पण लंगड्याला कुबडीच लागते ना.

बेरीज
भावना बाजूला ठेवून हिशेब करू. वाचनाच्या वेगावरचे १९० अभ्यास एकत्र करून मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये सरासरी काढली: इंग्रजीतलं माहितीपर लिखाण मनात वाचताना मोठ्या माणसाचा वेग मिनिटाला २३८ शब्द, कथा-कादंबरी असेल तर २६०. पुस्तक सरासरी साठ हजार शब्दांचं धरा. शंभरांचे साठ लाख शब्द. भागिले २३८, म्हणजे सुमारे ४२० तास. रोजची साधारण ७० मिनिटं.

म्हणजे शंभर हा काही अचाट आकडा नाही. रोज सव्वा तास ज्याला मिळतो त्याला तो सहज जमतो, ज्याला मिळत नाही त्याला जन्मात जमणार नाही. यात दिखाव्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. रोज सव्वा तास चालणाऱ्याला आपण दिखाऊ म्हणतो का?

अर्धपान
बेरीजराव, ते शब्द इंग्रजीचे. 'घरासमोरच्या' हा आपला एक शब्द, तिकडे त्याचे पाच होतात. मराठी वाचकाचा वेग शब्दांत मोजला तर कमी भरणार, आणि पुस्तकातले शब्दही कमी भरणार. तुमची ७० मिनिटं इकडे जशीच्या तशी आणता येत नाहीत.

बेरीज
मान्य. ढोबळ हिशेब होता.

कपाटकिल्ली
मीही याच धंद्यातला, आता निवृत्त. माझं मत जरा कडू लागेल.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथनांची पाच सूत्रं १९३१ ची. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. ग्रंथपालानं किती वाचावं, याचं सूत्र यात कुठे आहे? आणि हा मूळचा गणिताचा माणूस, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झालेला. आकडा घालायचा असता तर त्यानंच घातला असता.

मध्यम ग्रंथालयात वीस हजार पुस्तकं असतात असं धरू. तुमची वर्षाची शंभर म्हणजे त्यातला अर्धा टक्का. या गतीनं संग्रह संपायला दोनशे वर्षं लागतील, तीही नवीन खरेदी बंद ठेवली तर. तेव्हा न वाचता पुस्तक ओळखणं ही आपली खरी विद्या. प्रस्तावना, अनुक्रमणिका, शेवटची सूची, मलपृष्ठ, मधलं एखादं प्रकरण. पंधरा मिनिटांत पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं ते कळतं. मी अशी हजारो 'वाचली'. वही कधी केली नाही.

तारीखचिठ्ठी
काका, तुमची पंधरा मिनिटं मीही वापरते, त्याशिवाय काउंटर चालतच नाही. पण एक प्रसंग सांगते.

एक गृहस्थ आले, नियमित सभासद. महिन्यापूर्वी पत्नी गेलेली. म्हणाले, "हलकं काहीतरी द्या." हातात त्यांनीच एक पुस्तक निवडलेलं, मलपृष्ठावर 'खुसखुशीत' असा शब्द. तेच पुस्तक माझ्या वहीत ७१ नंबरला होतं. पहिली दोन प्रकरणं खरोखर खुसखुशीत. तिसरं अख्खं प्रकरण इस्पितळातल्या खाटेशेजारी घडतं, आणि लेखकानं ते फार चांगलं लिहिलंय, म्हणूनच पंचाईत. मी म्हटलं, याची बांधणी सुटलीय, दुरुस्तीला काढायचंय. खोटं बोलले. दुसरं दिलं.

तुमच्या पंधरा मिनिटांत ते तिसरं प्रकरण दिसलं असतं का?

कपाटकिल्ली
नसतं दिसलं. खोटं बोललात ते बरं केलंत.

पण मला सांगा, ते तिसरं प्रकरण तुमच्या लक्षात राहिलं ते शंभरचा आकडा होता म्हणून, की ते पुस्तक तुम्ही मन लावून वाचलंत म्हणून? त्यांनी ४३ नंबरचं उचललं असतं तर? तेव्हा तुमची आणि माझी अवस्था सारखीच. फक्त मी पंधरा मिनिटं घालवली, तुम्ही दोन तास.

वाळवी
हा वार बसला. तरी ७१ पर्यंत पोचायला ४३ वरूनच जावं लागतं, कुठलं लक्षात राहील हे आधी कुठे कळतं?

सावकाश
अर्धवट सोडायची मुभा असली की कळतं! नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांचा नियम आहे: ५० पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढी पानं पुरे. म्हणजे सत्तरीच्या माणसाला तीस. वय वाढेल तशी सवलत वाढते, कारण वेळ कमी होतो. आता आकडा लावणारा माणूस हे करू शकतो का? १२० पानं झाली की तो म्हणतो, आता सोडलं तर मोजता येणार नाही. आणि नावडतं पुस्तक रेटत राहतो.

तारीखचिठ्ठी
हे अगदी खरं. गेल्या वर्षी मी एकही पुस्तक अर्धवट सोडलं नाही. आधी याचा अभिमान वाटायचा.

पाटीपुस्तक
मी बालविभाग सांभाळते. चित्रपुस्तकं मोजायची की नाही ते आधी ठरवा. युनेस्कोची १९६४ ची व्याख्या आहे, मुखपृष्ठाची पानं सोडून निदान ४९ पानं असतील तर ते पुस्तक, त्याखाली पुस्तिका. त्या हिशेबानं आमच्या विभागातलं अर्धंअधिक कपाट पुस्तकांचं नाहीच. पण २४ पानांचं चित्रपुस्तक मी पाच-पाच वेळा वाचते, मोठ्यानं, आवाज बदलून. चुकीच्या पानावर थांबले तर मुलं उठून जातात. तुमच्या शंभरात याला जागा आहे का?

बेरीज
पानांवरून नको, वेळेवरून मोजा.

पाटीपुस्तक
म्हणजे पुन्हा मोजाच.

अर्धपान
मधला मार्ग सुचवू का? शंभर हवेतच ना, मग ड्यूईचे शंभर घ्या. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार आकडे देऊन लावायच्या त्याच्या दशांश वर्गीकरणात दहा मुख्य वर्ग, त्यांचे शंभर विभाग. प्रत्येक विभागातलं एक पुस्तक. आकडाही राहील आणि ऑक्टोबरात नुसत्या बारीक कण्याच्या कादंबऱ्या उचलता येणार नाहीत. खगोलशास्त्र, शेती, तर्कशास्त्र, सगळीकडे जावंच लागेल. ज्या कपाटाकडे ग्रंथपाल फक्त पडताळणीपुरता जातो तिथेही.

तारीखचिठ्ठी
अरे वा! हे सुचलंच नव्हतं.

कपाटकिल्ली
थांबा, आधी तक्ता उघडा. शंभर नाहीत, ९९. ०४० रिकामा आहे, तिथे विषयच नेमलेला नाही. तिथलं एक पुस्तक तुमच्या मर्जीचं धरा, हरकत नाही.

खरी मेख पुढे. २०० हा धर्माचा वर्ग. त्यातले २२० ते २८० हे सात विभाग बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, आणि बाकी जगातले सगळे धर्म मिळून २९०. म्हणजे तुमच्या नियमानं ख्रिस्ती धर्मावर सात पुस्तकं, आणि हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम, ज्यू मिळून एक. साहित्यात ८१० अमेरिकन, ८२० इंग्रजी, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक असं करत ८९० मध्ये 'इतर'. मराठी ८९१.४६. त्याच ८९० मध्ये संस्कृत, हिंदी, रशियन, चिनी, जपानी. वर्षभरात सगळ्यांमध्ये मिळून एक पुस्तक! मराठी वाचायला बसलेली ग्रंथपाल डिसेंबरअखेर एकही मराठी कादंबरी न वाचता नियम पुरा करू शकेल.

ड्यूईनं हे १८७६ मध्ये त्याच्या कॉलेजच्या संग्रहासाठी मांडलं. कपाटं लावायला ठीक. वाचायचं काय ते त्याला विचारू नका.

अर्धपान
काका, तुम्ही आकड्याच्या विरोधात होतात ना? अख्खा तक्ता तोंडपाठ आहे तुमचा.

कपाटकिल्ली
तीस वर्षं कण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. जाईल कुठे.

वाळवी
मला तर ही उणीवच आवडली. कुठला विभाग भरायला पुस्तक सापडत नाही आणि कुठे गर्दी झालीय, हे वर्षभरात ग्रंथपालाला कळेल. खरेदीच्या यादीला त्याचा उपयोग होईल. वाचन झालं तो वर नफा.

सावकाश
आता वाचनाचा नफा काढताय. मी माझ्या चौथ्या पुस्तकाकडे जातो.

तारीखचिठ्ठी
सगळ्यांचं वाचलं. वाळवींचा शेवटचा मुद्दा मला पटला, सावकाशांचा अर्धवट सोडण्याचाही. काकांशी भांडण चालू राहील. सध्या एवढंच केलंय की वहीत 'पानं' हा रकाना खोडला आणि त्या जागी 'कुणाला द्यावं' असं लिहिलं. वर आकडा घालायचा की नाही, तेवढी जागा कोरी आहे. ५६० पानांचं काढून घरी आणलंय. पान ३८ वर आहे.

बेरीज
आणि ४३ नंबर? नाव तरी सांगा.

तारीखचिठ्ठी
नाव नको, लेखक हयात आहेत. आज कपाटातून काढलं. चिठ्ठीवर शेवटचा शिक्का माझाच, त्याआधीचा अकरा वर्षांपूर्वीचा. अकराव्या पानावर पेन्सिलीची रेघ आहे, एका वाक्याखाली. ग्रंथालयाच्या पुस्तकावर. रेघ मारायची ही पद्धत माझीच, शेवटी छोटा टिंब देते. वाक्य चार वेळा वाचलं, त्यात मला काय आवडलं असेल ते कळेना. आता पहिल्यापासून परत वाचतेय.

सावकाश
या वर्षीच्या यादीत धरणार का ते?

तारीखचिठ्ठी
आधी खोडरबर शोधते.