मदत हवी आहे : विनोदी गुप्तहेर कादंबरीचे मालिका-रूपांतर करताना निवेदक ठेवावा की नाही?

नमस्कार.

पटकथालेखनाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमातील शेवटचे काम म्हणून मला एका कादंबरीचे दूरचित्रवाणी मालिकेत रूपांतर करायचे आहे. प्रत्येकी एका तासाच्या सहा भागांचा आराखडा आणि पहिल्या भागाची संपूर्ण पटकथा असे त्याचे स्वरूप आहे. मी डग्लस अ‍ॅडम्स यांची १९८७ साली प्रसिद्ध झालेली 'डर्क जेंटलीज होलिस्टिक डिटेक्टिव्ह एजन्सी' ही कादंबरी निवडली. काम केवळ अभ्यासापुरते असल्यामुळे हक्कांचा प्रश्न येथे येत नाही. कथा केंब्रिज आणि लंडनमध्येच ठेवायची आहे. चार भागांचा आराखडा लिहून झाला आहे, मात्र एका गाठीपाशी मी गेले तीन आठवडे अडून बसले आहे आणि ती गाठ सुटल्याशिवाय पहिला भाग लिहिता येणार नाही. पुढील मजकुरात रहस्याचा पूर्ण उलगडा आहे, त्यामुळे ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

कादंबरीशी परिचय नसलेल्यांसाठी आवश्यक तेवढेच सांगते. रिचर्ड मॅकडफ हा संगणक-आज्ञावली लिहिणारा तरुण आपल्या जुन्या महाविद्यालयात, केंब्रिजच्या (काल्पनिक) सेंट सेड्समध्ये, कवी कोलरिज यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या वार्षिक भोजनाला जातो. तेथे त्याचे वृद्ध प्राध्यापक रेज एका कंटाळलेल्या मुलीची करमणूक करण्यासाठी मिठाची कुपी अदृश्य करतात आणि मग प्राचीन मातीचे एक भांडे फोडून त्याच्या आतून ती बाहेर काढून दाखवतात. त्याच रात्री प्राध्यापकांच्या न्हाणीघरात एक घोडा सापडतो. रिचर्डचा मालक गॉर्डन वे याचा गोळी लागून मृत्यू होतो आणि तो भूत होऊन भटकू लागतो. डर्क जेंटली हा गुप्तहेर या सगळ्याचा धागा जोडतो, कारण जगातील प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी जोडलेली आहे, ही त्याची कामाची पद्धतच आहे. मांजर शोधून देण्याच्या कामात बहामा बेटांच्या प्रवासाचा खर्च लावताना तो याच तत्त्वाचा आधार घेतो.

ही सामग्री मुळात दूरचित्रवाणीसाठीच तयार झाली होती. अ‍ॅडम्स यांनी 'डॉक्टर हू' या मालिकेसाठी लिहिलेल्या दोन कथांमधून तिचा बराच भाग आला आहे. १९७९ सालच्या 'सिटी ऑफ डेथ'मध्ये परग्रहावरील यानाच्या स्फोटातून पृथ्वीवर जीवसृष्टी सुरू होते. 'शादा'मध्ये केंब्रिजच्या प्राध्यापकाची राहती खोली हेच कालयंत्र असते, परंतु बीबीसीतील संपामुळे तिचे चित्रीकरण अर्ध्यावर सोडून द्यावे लागले. म्हणजे भूत, याने आणि कालप्रवास यांमुळे ही कादंबरी पडद्यावर आणणे अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. पडद्यासाठी सुचलेले कथानक कादंबरीत गेले तेव्हा त्यात एक गोष्ट नव्याने आली, ती म्हणजे निवेदकाचा आवाज, आणि परतीच्या प्रवासात तीच आडवी येते.

याआधीची दोन रूपांतरे मी लक्षपूर्वक पाहिली आहेत. बीबीसी फोरने डिसेंबर २०१० मध्ये एक तासाचा भाग दाखवला आणि मार्च २०१२ मध्ये आणखी तीन. पटकथाकार हॉवर्ड ओव्हरमन यांनी पहिल्या भागात हरवलेले मांजर, गॉर्डन वे आणि कालयंत्र एवढेच कादंबरीतून घेतले, काळ आजचा केला आणि उरलेले सोडून दिले. स्टीफन मँगन यांचा डर्क मला फार आवडतो. लबाडी आणि निष्ठा एकाच चेहऱ्यावर इतक्या सहजतेने क्वचितच दिसतात. २०१६-१७ मधील अमेरिकी मालिकेने कथानकच नवे रचले, सुरुवात सिअ‍ॅटलमध्ये केली आणि कादंबरीतून डर्क व त्याचे तत्त्व एवढेच उचलले. दोन्ही निर्णय मला समजतात. तरीही दोन्हीकडे कोलरिज गळले, आणि माझ्या मते कादंबरीचे रहस्य नेमके तेथेच आहे.

ते कसे, हे थोडे सविस्तर सांगावे लागेल. 'कुब्ला खान' ही कविता कोलरिज यांनी १८१६ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा ती ५४ ओळींची होती आणि खुद्द कवीने तिला तुकडा म्हटले होते. स्वप्नात संपूर्ण कविता सुचली, ती उतरवून काढत असतानाच पोरलॉक गावाहून कोणी इसम कामासाठी आला, तासाभराने तो गेला तेव्हा उरलेली कविता मनातून पुसली गेली होती, अशी हकीकत प्रस्तावनेत दिली आहे. कादंबरीतील भोजनाच्या प्रसंगी ही कविता वाचली जाते, आणि वाचन चालू असताना निवेदक अगदी सहज सांगून जातो की आता कविता वाचणाऱ्याने तिचा दुसरा, अधिक विलक्षण भाग सुरू केला आहे. बस, एवढेच. कोणी दचकत नाही, कारण त्या जगात कविता पूर्णच आहे. शेवटी डर्क स्वतः प्राध्यापकांच्या कालयंत्रातून जाऊन कवीला अडवतो, पोरलॉकचा इसम तोच ठरतो, आणि जग आपल्याला ठाऊक असलेल्या जगासारखे होते. सुरुवातीलाच सर्वांसमोर ठेवलेला इतका प्रामाणिक दुवा मी दुसऱ्या कोणत्याही रहस्यकथेत वाचलेला नाही. पसायदान चालू असताना नववी ओवी संपल्यावर कोणी शांतपणे दहावी म्हणू लागला आणि भोवतालचे सगळे नेहमीप्रमाणे हात जोडून ऐकत राहिले, तर मराठी श्रोत्याचे जे होईल, ते येथे जाणत्या वाचकाचे होते.

आता अडचण पाहा. ही कविता ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला ती अपूर्ण आहे हे कळायला हवे, अन्यथा शेवटचा उलगडा त्याच्यासाठी रिकामा जाईल. परंतु ते सांगणार कोण? कथेतील एकाही पात्राला ते ठाऊक असू शकत नाही. प्राध्यापक, रिचर्ड, डर्क, कोणाच्याही तोंडी "ही कविता तर अपुरी आहे" हे वाक्य घातले की कथेचा पायाच निखळतो. ते जाणणारा आवाज कथेच्या जगाबाहेरचाच असला पाहिजे, म्हणजे तो निवेदकाचाच असावा लागतो. निवेदक ठेवावा का, हा प्रश्न मी आरंभी विनोदाचा प्रश्न समजत होते, कारण अ‍ॅडम्स यांच्या गमती बहुतांशी वर्णनात आहेत, संवादात कमी. आता माझ्या लक्षात आले आहे की तो रहस्याच्याही मांडणीचा प्रश्न आहे.

याच लेखकाच्या 'हिचहायकर्स गाइड'च्या १९८१ च्या मालिकेत पीटर जोन्स यांचा आवाज चपखल बसला, कारण तेथे तो पुस्तकाचा आवाज होता आणि ते पुस्तक कथेतच होते. येथे तसा आधार नाही. मी पहिल्या भागाचा एक मसुदा निवेदकासह लिहून पाहिला. वीजभिक्षूच्या प्रसंगात तो फार शोभला. भांडी घासण्याचे यंत्र आपल्या वतीने भांडी घासते, व्हिडिओ रेकॉर्डर आपल्या वतीने कार्यक्रम पाहतो, तसा हा भिक्षू आपल्या वतीने गोष्टींवर विश्वास ठेवतो, आणि बिघडल्यामुळे आता वाटेल त्यावर विश्वास ठेवू लागला आहे, हे कोणीतरी सांगावेच लागते. नुसता घोड्यावर बसलेला एक मनुष्य दाखवून त्यातील काहीही कळत नाही. परंतु भोजनाच्या प्रसंगात तोच निवेदक बोलू लागला की प्रेक्षकाचे लक्ष नको तेवढे कवितेकडे वळते, आणि मिठाच्या कुपीची जादू, जिच्याकडे त्याने खरोखर पाहायला हवे, ती बाजूला पडते. पुढे डर्क त्या जादूविषयी रस्त्यावरच्या एका मुलाला विचारतो आणि मुलगा सरळ सांगतो की त्या माणसाकडे कालयंत्र असले पाहिजे. तो प्रसंग फुकट जाऊ नये, अशी माझी फार इच्छा आहे.

काळाविषयी माझा निर्णय झालेला आहे. कथा १९८७ मध्येच राहील. दूरध्वनीवरचे निरोप टिपणाऱ्या यंत्रातील ध्वनिफीत चोरण्यासाठी रिचर्ड आपल्या मैत्रिणीच्या घराच्या भिंतीवर चढतो, आणि गॉर्डन वे मोटारीतील दूरध्वनीवरून अखंड निरोप ठेवत असतो. या दोन्ही गोष्टी आजच्या काळात आणल्या तर कथेचे सांधेच बदलावे लागतील. डर्क प्रत्यक्ष समोर येण्यास कादंबरीत बराच अवकाश लागतो, ती त्रुटी मी महाविद्यालयातील परीक्षेच्या प्रकरणाने भरून काढली आहे. झोपेत प्रश्नपत्रिका दिसतात अशी हवा करून तो अंदाजाने काढलेले प्रश्न विकतो आणि ते शब्दशः खरे ठरल्यामुळे गजाआड जातो. पहिला भाग त्यानेच सुरू होईल.

तेव्हा जाणकारांना, विशेषतः ज्यांनी मालिका किंवा नभोनाट्य लिहिले आहे त्यांना, माझी विचारणा अशी. निवेदक काही प्रसंगांत ठेवून काही प्रसंगांत गप्प ठेवला, तर प्रेक्षकाला ती विसंगती वाटते का, की ठरावीक जागी आला तर चालतो? आपल्याकडे सूत्रधाराने नांदीनंतर आत जाणे प्रेक्षक सहज स्वीकारतात. इंग्रजी मालिकेत तसे गृहीत धरता येईल का? आणि निवेदकाऐवजी, भाग सुरू होण्यापूर्वी पडद्यावर कवितेच्या अखेरच्या ओळी आणि "येथे कविता तुटते" एवढाच मजकूर दिला, तर तो दुवा ठरेल की रहस्यभेद?

पुरवणी, चार दिवसांनंतर :

उत्तरांबद्दल मनापासून आभार. "आधी कोणाला तरी वाचून दाखवा" ही सूचना मी अमलात आणली. भोजनाचा प्रसंग निवेदकाविना, पण आरंभीच्या "येथे कविता तुटते" या पाटीसह, तीन मैत्रिणींना वाचून दाखवला. इंग्रजी साहित्य शिकलेली मैत्रीण कविता पुढे चालू राहिल्याबरोबर थांबली. उरलेल्या दोघींपैकी एकीला पाटी आठवली, पण तिने ती माझी चूक समजून सोडून दिली, आणि शेवट सांगितल्यावर मात्र ती स्वतःहून त्या पाटीकडे परत गेली. दुवा म्हणून यापेक्षा अधिक मी मागणार नाही. पाटी राहील.

याच वाचनातून संगीताविषयी एक गोष्ट सुचली. कादंबरीच्या अखेरीस कविता जगातून जाते, तसे जर्मन संगीतकार बाखचे संगीत जगात येते. रिचर्डची मैत्रीण सुझन चेलो वाजवते. तेव्हा सहाही भागांत कोठेही, पार्श्वसंगीतातसुद्धा, बाखचा एकही स्वर येऊ द्यायचा नाही आणि शेवटच्या दृश्यात तो सुझनच्या चेलोवर प्रथमच ऐकू येईल, असे मी आराखड्यात लिहिले आहे. हे काम छापील पानाला करता आले नसते.

वीजभिक्षूचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे. निवेदक काढून टाकला तर त्याची ओळख कोण करून देईल? विक्रीच्या वेळी मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेचा आवाज वापरावा, म्हणजे यंत्रासोबतच त्याचे स्पष्टीकरण येईल, असा एक विचार आहे. कोणी नभोनाट्यात असा उपाय वापरला असेल, तर तो आवाज किती वेळ चालू ठेवता येतो, हे कृपया कळवावे. पहिल्या भागाची पटकथा मला येत्या महिनाअखेरीस द्यायची आहे.