उन्हाळ्यात शॉकचं तेल बदला, कॉलर नको
भाऊ, उडीनंतर तुमचा रिमोटवरचा (आरसी) खेळण्यातला ट्रक दोन-तीनदा उसळतो म्हणून तुम्ही शॉकवरच्या (धक्के झेलणाऱ्या नळीवरच्या) स्प्रिंगची कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबणारी रिंग, घट्ट केली. पण कॉलरने गाडीची उंची बदलते, स्प्रिंग कडक होत नाही. उसळी थांबवायचं काम शॉकमधल्या तेलाचं. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो, आणि सिलिकॉन तेलही उष्णतेने पातळ होतं. हिवाळ्यात ३० वेटवर (वेट म्हणजे तेलाचा जाडपणा) नीट चालणाऱ्या ट्रकला आता ३५ किंवा ४० टाकून बघा. तेल भरताना शॉकमधला पिस्टन सावकाश वरखाली करून सगळे बुडबुडे निघू द्या. ही पायरी कधीच गाळू नका. उलंगवाडी झालेल्या वावरात, भेगाळलेल्या काळ्या मातीवर मात्र फार जाड तेल नको, चाकं जमीन सोडतात. आधी मागच्याच दोन शॉकमधलं तेल बदला.