फोल्डरला चित्रं लावणं हा रिकामपणाचा उद्योग आहे का?

इतवारीवाला: घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर फोल्डरला घर, कार, गुलाब असले आयकॉन लावत बसणारे लोक पाहिले की डोकं फिरतं. नाव नीट द्या ना! '२०२४ आयकर', '२०२५ वीजबिल'. सर्चमध्ये नाव टाकलं की सापडतं, चित्र टाकून शोधता येते काय? रिकामपणाचे उद्योग आहेत सगळे.

महालची लेक: भाऊ, हे वाचून राहवलं नाही. माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर धड दिसत नाही. पेन्शनचं फोल्डर पिवळं, घरपट्टीचं पिवळं, दवाखान्याच्या कागदांचंही पिवळं. मी ऑफिसात असताना तिचा फोन यायचा, "कोणतं उघडू?" शेवटी एका रविवारी बसले. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. घरपट्टीला घर, दवाखान्याला लाल क्रॉस, पेन्शनला नोटांची गड्डी. आता कागद लागला तर ती स्वतः काढते, मला विचारत नाही. याला रिकामपणा म्हणता तुम्ही?

इतवारीवाला: ताई, आईंचं वेगळं. पण ते टिकत नाही ना! आमच्या भाच्यानं हौसेनं सगळे आयकॉन लावले, मग डाउनलोड्स साफ केलं, झाले सगळे फोल्डर पुन्हा पिवळे.

प्रतापनगरकर: कारण आयकॉन फोल्डरमध्ये शिरत नाही. आत डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपलेली फाइल तयार होते, तिच्यात चित्राचा फक्त पत्ता असतो. भाच्यानं पत्त्यावरचं घरच पाडलं. आयसीओ, म्हणजे आयकॉनच्या चित्राची फाइल, त्याच फोल्डरात ठेवायची आणि पत्त्यात नुसतं फाइलचं नाव लिहायचं, मग पेन ड्राइव्हला विंडोज देते ते ई, एफ असं अक्षर बदललं तरी चालते. आणि साध्या पीएनजी चित्राचं एक्सटेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट, बदलून आयसीओ होत नाही, आधी रूपांतर करून घ्या. त्यात २५६ पिक्सेलचं चित्र नसेल तर मोठ्या आयकॉनमध्ये धुरकट दिसते.

बर्डी डीटीपी: तुम्ही लोक चित्रं सजवून राहिले, आम्ही दुकानात काय भोगलं ते ऐका. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह लावते, आत नेहमीचे पिवळे फोल्डर. खरे फोल्डर व्हायरसनं लपवलेले, त्याच नावाच्या ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या फाइली फोल्डरचा आयकॉन घालून बसलेल्या. डबल क्लिक केलं की दुकानातली सगळी मशीनं गेली. एका पोराचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री असाच अडकला, रडायला आला होता. चित्रावर भरवसा ठेवणारेच फसतात.

महालची लेक: पण तो व्हायरस पिवळ्या आयकॉनच्या आड लपला होता! माझ्या आईच्या घरपट्टीवर घर आहे, तिथे अचानक पिवळं दिसलं तर तिला लगेच खटकेल.

बर्डी डीटीपी: ईएक्सई हवा तो आयकॉन पोटात घेऊन येते, उद्या घरही घेऊन येईल. २०१० चा स्टक्सनेट व्हायरस आठवते? शॉर्टकटचा आयकॉन नुसता दिसला तरी कोड चालायचा.

प्रतापनगरकर: मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते भोक बुजवणारा पॅच काढला. शॉर्टकटची भानगड फोल्डरच्या माथी मारून कोणाच्या आईला कशाला घाबरवता? विंडोज एक्सटेन्शन लपवते, ते दाखवायला लावा. डिटेल्स व्ह्यूमध्ये 'टाइप'चा रकाना पाहा, फोल्डर असेल तर फाइल फोल्डर, नाहीतर ॲप्लिकेशन.

इतवारीवाला: म्हणजे शेवटी वाचावंच लागते! मी पहिल्यापासून हेच सांगून राहिलो.

महालची लेक: तुम्ही 'रिकामपणाचे उद्योग' म्हटलं होतं. ते मागे घ्या, मग बाकीचं बोलू.

प्रतापनगरकर: बर्डीवाले भाऊ, लपलेले फोल्डर परत आणायला तुम्ही ॲट्रिब कमांड देता ना, वजा एच, वजा आर, वजा एस? म्हणजे लपलेला, रीड-ओन्ली आणि सिस्टिम, हे तिन्ही गुण काढायचे. फोल्डरचा रीड-ओन्ली किंवा सिस्टिम गुण गेला की विंडोज ती आयएनआय फाइल वाचतच नाही. आयकॉन तुम्हीच उडवता.

बर्डी डीटीपी: हं. पेन ड्राइव्ह साफ करून दिल्यावर लोक 'आयकॉन गेले' म्हणून भांडायला यायचे, ते यामुळे असेल. कमांडनंतर त्या फोल्डरला ॲट्रिब अधिक आर दिलं तर परत येतात काय, उद्या करून पाहतो. पण चित्रावर नाही, एक्सटेन्शनवर भरवसा ठेवा, हे मी सोडणार नाही.

इतवारीवाला: ताई, तुमच्या आईंपुरता तो शब्द मागे. आमच्या दुकानाच्या हिशेबाच्या मशीनवर मात्र भाच्याला हात लावू देणार नाही.

महालची लेक: 'आईंपुरता' चालणार नाही. चाळिशीनंतर डोळे सगळ्यांचेच जातात, भाऊ.