मेन कून बोक्याला घरचं जेवण: प्रमाण काय?

प्रश्न (नाशिक रोड): वजन ७ किलो, वय ३ वर्षं. नुसतं उकडलेलं चिकन चालेल?

उत्तर (गंगापूर रोड): नुसतं नको. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य, हाडं झिजतात. अर्धा किलो बिनहाडाच्या चिकनला ३ ग्रॅम अंड्याच्या कवचाची बारीक पूड, २५ ग्रॅम कलेजी आणि १ ग्रॅम टॉरिन (मांजरांना लागणारं अमिनो आम्ल). कलेजी वाढवू नका, ‘अ’ जीवनसत्त्व अती होतं. टॉरिन उकडलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून न देता त्यातच कालवा. टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात.

उत्तर (पंचवटी): दिवसाला साधारण २०० ग्रॅम, दोनदा. बदल दहा दिवसांत, हळूहळू. कांदा-लसूण, शिजलेली हाडं अजिबात नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वाटी अर्ध्या तासात उचला.

प्रश्नकर्ता: दूध?

पंचवटी: नकोच, जुलाब होतात.