बेकन, हॅम, गॅमन: नाव अवयवाचं की खारवण्याचं?

लवणकार
इंग्रजीतून मराठीत आलेल्या पुस्तकांत हे तिन्ही शब्द सरसकट 'खारवलेलं डुकराचं मांस' होऊन बसतात. माझा याला विरोध आहे, कारण मुळात ही शरीराच्या भागांची नावं आहेत. हॅम म्हणजे जुन्या इंग्रजीत गुडघ्यामागची लवण. तिथून अर्थ सरकत जनावराच्या मांडीवर आला. हॅमस्ट्रिंग, म्हणजे गुडघ्यामागची कंडरा, या शब्दात जुना अर्थ अजून जिवंत आहे. (आपल्याकडे 'लवण' म्हणजे गुडघ्यामागचा खोलगटही आणि मीठही. इतका सुंदर योगायोग दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडेल!) गॅमन हा उत्तर फ्रान्सच्या बोलीतून आला, 'गांब' म्हणजे पाय यावरून, आजचा फ्रेंच 'जांबों' त्याचाच भाऊ. बेकनचं मूळ जर्मानिक, अर्थ 'पाठ'. शब्द फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आला. तेव्हा मराठीत सरळ मांडी, पाठ असं लिहावं.

मीठपाणी
अजिबात पटत नाही. हॅम आणि गॅमन दोन्ही मागची मांडीच, मग दोन शब्द कशाला? फरक आहे तो मांडी कधी कापली यात. आधी कापून वेगळी खारवली तर हॅम. डुकराची अख्खी बाजू, म्हणजे फ्लिच, खारवून मग तिच्यातून मांडी कापली तर गॅमन. इंग्लंडमधल्या विल्टशर पद्धतीत ही बाजू मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ब्रिटनमध्ये गॅमन कच्चा विकतात, हॅम शिजवलेला किंवा खायला तयार होईपर्यंत वाळवलेला. पाककृतीत नुसतं 'मांडी' लिहिलंत तर वाचक कच्चा गॅमन सँडविचमध्ये भरेल. तिथला जुना हिशोब दर 450 ग्रॅमला 20 मिनिटं, वर आणखी 20. म्हणजे 2 किलोला साधारण पावणेदोन तास उकळणं. त्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायचा, नाहीतर मीठ इतकं लागतं की घास गिळवत नाही.

लवणकार
हे ब्रिटनपुरतं खरं. अमेरिकेत न खारवलेल्या मांडीलाही 'फ्रेश हॅम' म्हणतात. शिवाय तिथे 'टर्की हॅम' विकायचं तर मांस टर्कीच्या मांडीचंच हवं, असा नियम आहे. प्राणी बदलला तरी मांडी सुटली नाही!

जुनी_इंग्रजी
बेकनवर मात्र तुमचा मुद्दा कोसळतो. अमेरिकेत नुसतं 'बेकन' म्हटलं की खारवलेलं पोट. ब्रिटनमध्ये त्याला 'स्ट्रीकी' म्हणतात आणि रोजचं बेकन पाठीकडचं. मध्ययुगीन इंग्रजीत तर ताज्या मांसालाही बेकन म्हणत. इंग्लंडात एसेक्समधल्या डनमो गावाची प्रथा पाहा: वर्ष आणि एक दिवस लग्नाचा पश्चात्ताप न झालेल्या जोडप्याला फ्लिच बक्षीस. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसरने त्याचा उल्लेख करताना शब्द वापरला 'बेकन'. अख्ख्या बाजूला! तिथे 'पाठ' लिहिणं ही चूकच. व्युत्पत्ती शब्दाचं घराणं सांगते, आजचा अर्थ वापर ठरवतो.

मीठपाणी
आणि वापर म्हणजे शेवटी प्रक्रिया. मांडी नुसती भाजली की आतून करडी पडते. नायट्राइट घालून खारवली तर शिजवल्यावरही गुलाबी राहते, कारण नायट्राइट या क्षारापासून तयार होणारं नायट्रिक ऑक्साइड मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडलं जातं. पूर्वी हे काम सोरा करायचा: जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करत. ताटातला तो गुलाबी काप बघूनच माणूस हॅम म्हणतो. करडा काप पुढे आला तर ते भाजलेलं पोर्क.

लवणकार
रंगाचं मान्य. तरी गुलाबी पोटाला कुणी हॅम म्हणत नाही, हेही लक्षात घ्या. माझा आग्रह थोडा बदलतो: शब्द इंग्रजीच ठेवा, पण पहिल्यांदा येतो तिथे भाग आणि कच्चं की तयार, दोन्ही सांगा.

जुनी_इंग्रजी
हे चालेल. अनुवादकांनी आणखी एक सांभाळावं: 'ग्रीन बेकन' म्हणजे हिरवं किंवा बुरसटलेलं नव्हे. खारवलेलं, पण धुरी न दिलेलं.